बॅरिस्टर गांधींची कारकुनी



महात्मा गांधींवर निबंध लिहायचा म्हटला की तुमची सुरुवात ठरलेली असते. २ ऑक्टोबर १८६९, पोरबंदर, वडील करमचंद, आई पुतळीबाई. मग आफ्रिकेतली रेल्वे, मग दांडी, मग १९४२. हे सगळं बरोबरच आहे, पण आज मी तुम्हाला या थोर माणसाच्या आयुष्यातली जरा बाजूला पडलेली गोष्ट सांगणार आहे. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेल्या या माणसाला पुढं कारकुनाची, हरकाम्याची, अगदी शर्टाची बटणं लावायचीही कामं करावी लागली. काही नाइलाजानं केली, काही स्वतः मागून घेतली. आणि एकदा ती दुसऱ्यावर जबरदस्तीनं लादलीसुद्धा.

हा विषय का निवडला? तुमच्याच घरात बघा. ताई किंवा दादा शिकून मोठ्या ऑफिसात लागतात आणि पहिले सहा महिने झेरॉक्स काढण्यात नि फायली लावण्यात जातात. घरी येऊन ते चिडतात, याच्यासाठी शिकलो का म्हणून. आम्हा शिक्षकांचंही तसंच. बी.एड. करून आलो आणि खिचडीच्या तांदळाचा हिशेब लिहीत बसलो! तेव्हा हा प्रश्न तुमच्या-आमच्या घरातला आहे.

गांधी १८८८ साली मुंबईहून बोटीनं इंग्लंडला गेले. जातीनं बहिष्कार घातला, तरी गेले. मोठ्या भावानं पैसा उभा केला. जून १८९१ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि लगेच परतले. घरच्यांची अपेक्षा काय असेल तुम्हीच विचार करा. मुलगा विलायतेला जाऊन आलाय, आता खोऱ्यानं पैसा ओढणार!

झालं उलटंच. मुंबईत त्यांना पहिला खटला मिळाला तो स्मॉल कॉजेस कोर्टात, मामीबाई नावाच्या बाईंचा. फी ३० रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी करायला उभे राहिले आणि डोकं गरगरायला लागलं. एक प्रश्न सुचेना. शेवटी खाली बसले, दुसरा वकील करा म्हणून सांगितलं आणि फी परत करून कोर्टातून बाहेर पडले. मग त्यांनी वर्तमानपत्रातली एक जाहिरात पाहिली. एका हायस्कूलला इंग्रजी शिकवायला मास्तर हवा होता, रोज एक तास, पगार ७५ रुपये. अर्ज केला, मुलाखतीला बोलावणं आलं. पण ते पदवीधर नाहीत हे कळल्यावर मुख्याध्यापकांनी नकार दिला. लंडनची मॅट्रिक आणि बॅरिस्टरी असून शाळामास्तरची नोकरी मिळाली नाही. (शिक्षक म्हणून मला ही गोष्ट वाचताना दरवेळी थोडं हसू येतं, थोडं वाईटही वाटतं.)

मुंबईतला संसार आवरून ते राजकोटला गेले. तिथं काम मिळालं ते लोकांचे अर्ज-विनंत्या लिहून देण्याचं. तेही बरंचसं भावाच्या ओळखीनं. महिन्याला सरासरी ३०० रुपये पडायचे, त्यामुळं उपासमार नव्हती. पण कोर्टात उभं राहून बाजू मांडणारा बॅरिस्टर टेबलावर बसून अर्ज खरडत होता.

अशात पोरबंदरच्या एका मेमन पेढीकडून विचारणा आली. दादा अब्दुल्ला यांचा दक्षिण आफ्रिकेत मोठा व्यापार होता आणि ४०,००० पौंडांचा दावा चालू होता. काम फार तर वर्षभराचं, जाण्यायेण्याचं पहिल्या वर्गाचं भाडं, राहणं-जेवण आणि वर १०५ पौंड. गांधींना पक्कं कळलं होतं की हे बॅरिस्टर म्हणून जाणं नाही, पेढीचा नोकर म्हणून जाणं आहे. तरी गेले. एप्रिल १८९३.

तिथं रेल्वेतून उतरवल्याची हकिगत तुम्हाला पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. त्यानंतर प्रिटोरियात काय झालं ते मात्र पुस्तकात दोन ओळींतच असतं. तो दावा सगळा जमाखर्चाचा होता. गांधींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. प्रॉमिसरी नोट म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. आता बॅरिस्टरानं मुनीमजीचं काम शिकायचं का? त्यांनी शिकलं. हिशेबाचं पुस्तक विकत आणलं, वह्या चाळल्या, गुजराती पत्रव्यवहाराचे तर्जुमे केले, अशिलाच्या वकिलासाठी टाचणं काढली. मोठे वकील दुसरेच होते, हे त्यांच्यासाठी सामग्री तयार करून देत होते. पण असं करता करता सगळ्या दाव्याची नाडी त्यांच्या हातात आली. त्यांना दिसलं की खटला लांबला तर दोन्ही नातेवाईक व्यापारी बुडतील. त्यांनी दोघांना लवादाला तयार केलं. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूनं लागला, आणि हरलेल्या तय्यबशेटचं दिवाळं निघू नये म्हणून पैसे हप्त्यानं घ्यायलाही गांधींनीच राजी केलं. कोर्टात तोंड न उघडता आलेला माणूस वह्यांच्या ढिगातून वकील झाला, असं मला वाटतं.

पुढं ते नाताळमध्येच राहिले. १८९४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे वकील झाले, कमाई चांगली झाली. आणि याच काळात त्यांनी हलकी समजली जाणारी कामं अंगावर घ्यायला सुरुवात केली. कॉलर स्वतः धुऊन इस्त्री केली, पहिल्याच दिवशी त्यातून खळ गळायला लागली आणि कोर्टातले वकील हसले. गोऱ्या न्हाव्यानं केस कापायला नकार दिला तेव्हा स्वतःच कात्री चालवली, मागची बाजू पार बिघडली, पुन्हा हसू झालं. रोज सकाळी तास-दोन तास एका धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडरचं कामही करायचे.

इथपर्यंत सगळं छान वाटतं ना? आता पुढचं ऐका. डर्बनच्या घरात गांधींचे कारकून कुटुंबातल्यासारखे राहत. घरात मोऱ्या नव्हत्या, खोल्यांतून रात्री लघवीची भांडी ठेवत. जुने कारकून आपापली भांडी साफ करत. नव्या आलेल्यांची गांधी किंवा कस्तुरबा साफ करत. १८९८ च्या सुमारास एक नवा कारकून आला, ख्रिस्ती, पण त्याचे आईवडील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले. त्याचं भांडं उचलणं कस्तुरबांना जड गेलं. नवऱ्यानं ते उचलावं हेही त्यांना बघवेना. त्या रडत रडत, डोळे लाल झालेले, हातात भांडं घेऊन जिना उतरत होत्या. गांधींचं एवढ्यावर समाधान झालं नाही. हे काम हसतमुखानं झालं पाहिजे असा त्यांचा हट्ट! ते ओरडले. बाईही बोलल्या. तेव्हा त्यांनी कस्तुरबांचा हात धरून फाटकापर्यंत ओढत नेलं आणि बाहेर काढायला फाटक उघडलं. परक्या देशात मी कुठं जाऊ, तुम्हाला लाज कशी नाही, असं त्यांनी रडत विचारलं, तेव्हा गांधी भानावर आले.

ही हकिगत कुणा विरोधकानं लिहिलेली नाही. गांधींनी स्वतः आत्मचरित्रात लिहिली आहे, स्वतःला न वाचवता. म्हणून मी ती तुमच्यापासून लपवत नाही. कस्तुरबांच्या मनातली शिवाशीव चुकीचीच होती. पण कुठलं काम आपण करायचं हे त्या घरात एकटे गांधीच ठरवत होते, हेही तितकंच खरं.

आता येऊ १९०१ च्या डिसेंबरात. काँग्रेसचं अधिवेशन कलकत्त्याला होतं, अध्यक्ष दिनशा वाच्छा. गांधी तेव्हा ३२ वर्षांचे. आफ्रिकेत नाव कमावलेलं, पण इथं त्यांना ओळखणारे थोडेच. त्यांचा मुक्काम रिपन कॉलेजात होता. लोकमान्य टिळकांनाही त्याच भागात जागा दिली होती, त्यांच्याभोवती कायम दरबार भरलेला. अधिवेशनाला दोन दिवस होते. गांधी काँग्रेसच्या कचेरीत गेले आणि काही काम असेल तर द्या म्हणाले. भूपेंद्रनाथ बसूंनी त्यांना घोषालबाबूंकडे पाठवलं. घोषालबाबूंनी या तरुणाला न्याहाळलं आणि कारकुनीचं काम आहे, कराल का म्हणून विचारलं. गांधी हो म्हणाले. समोर पत्रांचा ढीग होता. वाचायची, साध्या पत्रांना पोच पाठवायची, महत्त्वाची बाजूला काढायची.

त्यांनी खुर्ची ओढली आणि थोड्या वेळात ढीग संपवला. घोषालबाबू खूश झाले. हा कोण, कुठला, हे नंतर कळलं तेव्हा मात्र बिचारे ओशाळले. बॅरिस्टरला आपण पत्रं छाटायला बसवलं! गांधींनीच त्यांची समजूत घातली. एवढंच नाही. घोषालबाबूंच्या शर्टाची बटणं त्यांचा नोकर लावायचा, ते कामही गांधींनी मागून घेतलं. काँग्रेसच्या चिटणिसाला बटणं लावायलाही वेळ नसतो, असं घोषालबाबू त्यांना मोठ्या ऐटीत सांगायचे. गांधींना त्याची गंमत वाटायची. पण त्या काही दिवसांत काँग्रेसची यंत्रणा कशी चालते, कोण पुढारी येतात, वेळ कुठं वाया जातो, हे सगळं त्यांनी त्या खुर्चीतून पाहिलं.

तिथले संडास थोडे आणि घाण प्रचंड. स्वयंसेवकांना सांगितलं तर ते म्हणाले, हे भंग्याचं काम. गांधींनी झाडू मागितला. समोरचा बघतच राहिला. त्यांनी झाडू मिळवून संडास साफ केला. रात्री काही प्रतिनिधी खोल्यांपुढच्या व्हरांड्यातच उरकत, तेही सकाळी यांनीच साफ केलं. मदतीला कुणी आलं नाही.

मित्रांनो, इथं थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. गांधींनी झाडू मर्जीनं उचलला होता आणि मर्जीनं खाली ठेवू शकत होते. ज्यांच्या हातात तो जन्मानं दिला होता त्यांना ती सोय नव्हती. १९१७ साली अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांच्या टेबलावर शिपाई लांबूनच कागद फेकायचे. तिथं पदवीचा काही उपयोग झाला नाही. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून वाचा.

कलकत्त्यात गांधींचा खरा हेतू दक्षिण आफ्रिकेवरचा ठराव होता. विषयनियामक समितीत रात्री उशिरा सगळे उठायच्या बेतात असताना गोखल्यांनी त्याची आठवण करून दिली म्हणून तो आला. अधिवेशनात बोलायला पाच मिनिटं मिळाली. मध्येच घंटा वाजली. ती दोन मिनिटं उरल्याची सूचना होती, पण गांधींना वाटलं बसायला सांगताहेत. मनातून दुखावून ते बसले. पत्रांच्या ढिगाला त्या आठवड्यात त्यांना जास्त वेळ मिळाला होता! पण गोखल्यांनी त्यांना आपल्या घरी राहायला नेलं आणि ते महिनाभर तिथं राहिले.

सोळा वर्षांनी बाजू पालटली. १९१७ मध्ये राजकुमार शुक्ल नावाच्या शेतकऱ्यानं पिच्छा पुरवून गांधींना बिहारमधल्या चंपारणला नेलं. तिथं निळीच्या मळेवाल्यांसाठी कुळांना वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावावीच लागे. या तिनकठिया पद्धतीत शेतकरी पिळून निघत होता. मदतीला ब्रजकिशोर प्रसाद, राजेंद्र प्रसाद असे नामांकित वकील आले. बिहारच्या वकिलांच्या फीचे आकडे ऐकून गांधी थक्क झाले होते. त्यांनी या मंडळींना आधीच स्पष्ट सांगितलं की तुमच्या कायद्याच्या ज्ञानाचा मला फारसा उपयोग नाही, मला कारकून आणि दुभाषे हवेत, आणि वेळ आली तर तुरुंगात जाण्याची तयारी हवी. पैसेही मिळणार नाहीत.

वकिलांनी शंका विचारल्या, आपसात बोलले आणि मग हो म्हणाले. इथं कुणाला फाटकापर्यंत ओढून नेलं नव्हतं. एका वेळी पाच-सात जण लिहायला बसत तरी दिवस मावळेपर्यंत काही शेतकरी शिल्लक राहत. प्रत्येकाची उलटतपासणी करायची, खोटं वाटलं तर जबानी घ्यायची नाही, असा नियम होता. मामीबाईंच्या खटल्यात एक प्रश्न न सुचलेल्या माणसानं घातलेला! सुरुवातीला प्रत्येक वकिलाचा नोकर वेगळा, आचारी वेगळा, जेवायला मध्यरात्र. हळूहळू नोकर गेले आणि सगळ्यांची एकच चूल झाली. या हजारो जबान्यांच्या जोरावर चौकशी समिती बसली आणि १९१८ मध्ये कायद्यानं तिनकठिया बंद झाली. त्या लेखनिकांपैकी राजेंद्रबाबू पुढं भारताचे पहिले राष्ट्रपती झाले.

मार्च १९२२ मध्ये गांधींना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. अहमदाबादला मॅजिस्ट्रेटपुढं त्यांनी आपला धंदा सांगितला तो शेतकरी आणि विणकर असा. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या इनर टेंपलनं त्यांचं नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढून टाकलं. ते परत घातलं गेलं १९८८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी.