रॉय कझेली : उंच झेपेचा धनी

फुटबॉल म्हणताच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे गोल चेंडू व अकरा-अकरा गडी उभे राहतात. ऑस्ट्रेलियात मात्र याच नावाचा एक निराळा खेळ लोकप्रिय आहे. त्याचे मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूही लांबट, आणि प्रत्येक बाजूस अठरा गडी असतात. दुसऱ्याने लाथाडलेला चेंडू जो गडी अधांतरी झेलतो, त्यास तो निर्वेधपणे मारण्याचा हक्क मिळतो. खेळाच्या आरंभी पंच चेंडू उंच उडवितो (२०२५ पर्यंत तो जमिनीवर आपटून उसळवीत असे). तेव्हा दोन्ही पक्षांचा एकेक गडी झेप घेऊन तो आपल्या सोबत्यांकडे ढकलू पाहतो. या गड्यास रकमन म्हणतात. हे काम बहुधा संघातील सर्वांत उंच माणसाकडे येते. ज्याची उंची या कामास बेताचीच होती, तरी ज्याचे नाव या झेपेशी कायमचे जोडले गेले, त्या रॉय कझेलीचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

रॉयचा जन्म १३ जानेवारी १८९३ रोजी मेलबर्न शहरातील आल्बर्ट पार्क भागात झाला. १९११ साली सेंट किल्डा संघाच्या प्रमुख खेळाडूंनी संप केला व त्यांच्या जागी नवखे तरुण घ्यावे लागले. त्यांत अठरा वर्षांचा रॉय होता. आयती मिळालेली ती संधी त्याने वाया दवडली नाही. १९२० पर्यंत तो त्या संघाकडून ९९ सामने खेळला. १९२१ साली तो साउथ मेलबर्न संघात गेला, आणि तेथेही त्याने ९९ सामनेच पुरे केले.

त्याची उंची होती पाच फूट अकरा इंच. प्रतिस्पर्धी त्याहून धिप्पाड असत. ही उणीव त्याने अभ्यासाने भरून काढली. घरच्या एका पडवीत उंचावर चेंडू टांगून तो त्यावर पुनःपुन्हा झेप घेई. उडी मारताना दीर्घ श्वास आत घेतल्याने शरीर अधिक वर उचलले जाते, अशी त्याची समजूत होती. साउथ मेलबर्नमध्ये फ्रेड फ्लीटर व मार्क टँडी हे त्याचे जोडीदार. चेंडू वर येताच फ्लीटर त्याचे नाव घेऊन, वर झेप घे, अशी आरोळी ठोकी. हळूहळू प्रेक्षकही तीच आरोळी देऊ लागले.

खेळत असतानाच त्याने शिकविण्यास आरंभ केला. १९२२ साली तो साउथ मेलबर्नचा प्रशिक्षक झाला. १९२५ साली मिनिप या लहानशा गावी जाऊन त्याने तेथील संघ सांभाळला. पुढे टास्मानिया बेटावर लॉन्सेस्टन व होबार्ट येथे त्याने तरुणांस तयार केले. १९३७ व १९३८ साली पुन्हा साउथ मेलबर्न, आणि १९४२ व १९४३ साली हॉथॉर्न, असे संघ त्याच्या हाती आले. हॉथॉर्नचे खेळाडू तोवर एका फुलाच्या नावाने ओळखले जात. त्यांस ससाण्याचे करारी नाव मिळाले, त्याचे श्रेय कझेलीस देतात.

मेलबर्नच्या मुख्य स्पर्धेचे विजेतेपद मात्र त्यास खेळाडू म्हणून वा प्रशिक्षक म्हणून कधीच लाभले नाही. १९१३ साली सेंट किल्डा अंतिम सामन्यात फिट्झरॉयकडून हरला. १९४३ साली हॉथॉर्नचे बाद फेरीतील स्थान केवळ गुणांच्या सरासरीने हुकले. ढालीवर नाव कोरले जाणे हेच यश मानावे, तर हा पुरुष अयशस्वी ठरेल.

परंतु लोकांनी तसे मानले नाही. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैनिकांनी तीच आरोळी रणगर्जना म्हणून उचलली. १० ऑक्टोबर १९६३ रोजी होबार्ट येथे कझेलीचा अंत झाला. १९७९ साली माईक ब्रेडी यांनी त्या आरोळीवर गीत रचले व ते देशभर गाजले. १९९६ साली या खेळातील थोर पुरुषांची पहिली नामावली झाली, तेव्हा सर्वोच्च मानाच्या बाराजणांत कझेलीचा समावेश होता.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांस यंदा बक्षीस मिळाले नसेल. त्यांनी पडवीतील तो टांगलेला चेंडू आठवावा. तेथे पाहणारे कोणी नव्हते, टाळ्याही नव्हत्या; पण पुढे हजारोंनी मैदानात पाहिलेली झेप प्रथम तेथेच घेतली गेली होती.