प्राध्यापक अरविंद घोष

योगी अरविंद म्हणून सर्वांना ज्ञात असलेल्या अरविंद घोषांच्या आयुष्याची तेरा वर्षे बडोद्यात गेली. १८७२ साली कलकत्त्यात जन्मलेल्या अरविंदांना वडिलांनी सातव्या वर्षीच इंग्लंडला नेऊन ठेवले. केंब्रिजचे शिक्षण संपवून १८९३ साली ते सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले. काही वर्षे राज्याच्या खात्यांत काम केल्यावर बडोदा कॉलेजात प्रथम फ्रेंच व पुढे इंग्रजीचे अध्यापन त्यांच्याकडे आले.

येथील विद्यार्थी व्याख्यानातला शब्दन् शब्द उतरवून घेतात आणि परीक्षेसाठी घोकतात, हे पाहून ते चकित झाले. साउदीच्या नेल्सन-चरित्रावरील त्यांचे विवेचन छापील टिपांशी जुळत नाही, अशी तक्रार वर्गाने केली; तेव्हा त्या टिपा आपण वाचल्याच नसल्याचे त्यांनी सांगून टाकले. प्रथम प्रास्ताविक व्याख्याने, नंतर अवघड वाक्यांचा उलगडा करीत ग्रंथवाचन आणि अखेरीस विषयाच्या विविध अंगांचे विवेचन, अशी त्यांची रीत होती. लेखनासाठी कोणाची शैली गिरवावी, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी कोणाचेही दास न होता स्वतः विचार करण्यास सांगितले.

इतरांना इंग्रजी शिकविणाऱ्या या प्राध्यापकाने बडोद्यातच स्वतःची मातृभाषा बंगाली आत्मसात केली. मराठी आणि गुजरातीही तो येथेच शिकला. १९०६ साली बडोदे सोडून पुष्कळ कमी वेतनावर त्यांनी कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद पत्करले. १९५० साली पाँडिचेरीत त्यांचे निधन झाले. टिपांच्या आधाराविना वाचण्याचा त्यांचा आग्रह प्रत्येक ग्रंथालयाने जपावा असाच आहे.