चहाचे प्रायश्चित्त आणि स्वदेशीचे दुकान

दादर स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडले की काही पावलांवर रानडे रोडची खरेदीची गर्दी सुरू होते. पुढे गोखले रोड लागतो. पूर्व आणि पश्चिम दादर जोडणाऱ्या पुलाला टिळकांचे नाव आहे. साड्या, भांडी, चपला, दागिने यांची दुकाने आणि अधूनमधून चहा-फराळाची हॉटेले ही या परिसराची जुनी ओळख. खरेदी आटोपून चहाला टेकणाऱ्या दादरकराच्या सहसा ध्यानात येत नाही, की न्यायमूर्ती रानडे, नामदार गोखले आणि लोकमान्य टिळक हे तिघेही १८९० साली पुण्यातील एका चहापानाला हजर होते आणि त्या चहापायी तिघांवरही बहिष्कृत होण्याची पाळी आली होती.

जुन्या मुंबईतील प्रशस्त दुकाने आणि तेथील चहाची टेबले यांविषयी अलीकडे बरेच हळवेपणाने बोलले जाते. हॉर्नबी रोडवरचे व्हाइटअवे लेडलॉ, काळा घोडा येथील आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स ही नावे जुन्या पिढीच्या आठवणींत आहेत. एका छपराखाली कापडापासून कटलरीपर्यंत सारे काही मांडलेले, प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी आणि घासाघिशीला वाव नाही, अशी ही दुकाने. व्हाइटअवे लेडलॉची इमारत पुढे अनेक दशके खादी भांडार म्हणून ओळखली गेली, तर आर्मी अँड नेव्हीच्या इमारतीत टाटांच्या वेस्टसाइडने दुकान थाटले. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात होरपळलेली ताजमहाल हॉटेलची जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली, तेव्हा तेथील सी लाउंजमध्ये खिडकीशी बसून चहा घेणे हे अनेक मुंबईकरांना शहर सावरल्याची खूण वाटले.

मात्र या आठवणींत एक दुकान बहुधा मागे राहते. ते साहेबाने उभारलेले नव्हते. त्याच्या स्थापनेत ज्यांचा पुढाकार होता, ते बाळ गंगाधर टिळक व्यापारी नव्हते, की त्यांना थाटामाटाची हौसही नव्हती.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास आले आणि सोळाव्या वर्षीच टिळकांचे पितृछत्र हरपले. डेक्कन कॉलेजातून पदवी आणि पाठोपाठ कायद्याची पदवी घेतल्यावर सरकारी नोकरीचा सोपा मार्ग त्यांच्यासमोर होता. तो सोडून १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढच्याच वर्षी केसरी आणि मराठा ही पत्रे निघाली. कोल्हापूर प्रकरणातील लेखनाबद्दल १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात जावे लागले. १८९० मध्ये मतभेदांमुळे टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. चरितार्थासाठी त्यांनी कायद्याचे वर्ग चालवले, लातूरच्या एका जिनिंग कारखान्यात भागीदारी केली. कापूस, सरकी आणि कापड यांच्या भावाचे गणित त्यांना पुस्तकाबाहेरही ठाऊक होते, ते असे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी शहरातील प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रण गेले. कार्यक्रमानंतर चहा आणि बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती घेऊन बाजूला ठेवला. टिळक तेव्हा चौतीस वर्षांचे होते, गोखले अवघे चोवीस. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली आणि पुण्यात गहजब झाला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा हा धर्मबाह्य आचार ठरवून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेण्यात आले. चौकशी बसली, शास्त्रार्थ झाला.

या प्रकरणात टिळकांनी घेतलेली भूमिका त्यांच्या स्वभावाला धरून होती. त्यांनी चहा नाकारला नाही आणि धर्मशास्त्रही नाकारले नाही. काशीस आपण प्रायश्चित्त घेतले आहे, असे त्यांनी सांगितले. सनातन्यांचे त्याने समाधान झाले नाही आणि सुधारकांना ती माघार वाटली. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांच्या अनुयायांनाही वाईट वाटले. टिळकांच्या घरी मात्र बहिष्काराची झळ प्रत्यक्ष पोहोचली. धर्मकार्यांना पुरोहित मिळेनात, पंगतींची आमंत्रणे थांबली. समाजाने व्यवहार तोडला की घरातल्या चुलीपर्यंत काय होते, हे त्यांनी पाहिले. पंधरा वर्षांनी बहिष्कार हेच शस्त्र त्यांनी परकीय सत्तेच्या व्यापारावर उगारले.

स्वदेशीची कल्पना महाराष्ट्राला नवीन नव्हती. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारात हातसुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत गेले होते आणि देशी वस्तूंच्या विक्रीचे प्रयत्नही त्यांनी केले होते. रानड्यांनी देशी उद्योगांची आर्थिक बाजू अभ्यासपूर्वक मांडली होती. टिळकांनी हा विषय सभा-संमेलनांतून बाजारात आणला. १८९६ मध्ये सरकारने लँकेशायरच्या गिरण्यांची सोय पाहून आयात सुती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि तेवढाच कर देशी गिरण्यांच्या कापडावरही बसवला. तेव्हाच टिळकांनी परदेशी कापड न घेण्याचा प्रचार केला. पाठोपाठ प्लेग आला, रँडचा खून झाला आणि १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

१६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली. त्याआधी ७ ऑक्टोबरला पुण्यात विनायक दामोदर सावरकर आणि त्यांच्या सहकारी विद्यार्थ्यांनी परदेशी कपड्यांची होळी पेटवली. त्या वेळी टिळक हजर होते आणि त्यांचे भाषणही झाले. परंतु घरातले परदेशी कापड जाळले की दुसऱ्या दिवशी नवे आणायचे कोठून, हा प्रश्न उरतोच. देशी साबण, काच, कागद, काडेपेट्या, धोतरे निघत होती, पण ती गावोगावी विखुरलेली होती. ग्राहकाला ती एका जागी, खात्रीने आणि मानाने मिळतील, अशी पेढी नव्हती. हॉर्नबी रोडवरच्या दुकानांत मांडणी होती, माल मात्र विलायती होता.

या गरजेतून १९०५-०६ च्या सुमारास बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स उभे राहिले. टिळकांबरोबर जमशेटजी टाटांचे चिरंजीव रतन टाटा आणि मुंबईतील इतर उद्योजक-व्यापारी यात होते. भांडवल भागांच्या रूपाने उभारायचे आणि देशी वस्तू एका छताखाली विकायच्या, अशी ही योजना. मवाळ मंडळींशी राजकारणात हाडवैर असलेले टिळक आणि सरकारशी फारसे वाकडे न घेणारे धनिक व्यापारी एका भागधारक कंपनीत एकत्र आले, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. थोरल्या टाटांनी १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडून देशी माणसाला शहरात मानाने बसण्याची जागा दिली होती. या दुकानाने त्याला मानाने खरेदी करण्याची जागा दिली. तळेगावच्या काच कारखान्यासाठी घरटी पैसा गोळा करणाऱ्या अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडालाही टिळकांचे असेच पाठबळ होते. एकीकडे माल तयार व्हावा आणि दुसरीकडे तो खपावा, अशी ही जोडणी होती.

अडचणी लवकरच दिसू लागल्या. देशी माल अनेकदा महाग पडे आणि सफाईत कमी भरे. स्वदेशीच्या लाटेवर मुंबईच्या गिरणीमालकांनी धोतरांचे भाव चढवले, अशी तक्रार बंगालमधून येऊ लागली. टिळकांचे म्हणणे असे होते, की काही काळ थोडी झीज सोसण्याची ग्राहकाची तयारी नसेल तर स्वदेशी टिकणार नाही. डिसेंबर १९०६ मध्ये दादाभाई नौरोजी यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या कलकत्ता काँग्रेसच्या स्वदेशीविषयक ठरावात प्रसंगी त्याग करूनही देशी माल घ्यावा, हा आशय आला, तो टिळक पक्षाच्या आग्रहामुळे. ज्या हॉर्नबी रोडवर विलायती मालाची दुकाने झगमगत होती, त्याला पुढे याच दादाभाईंचे नाव मिळाले.

दुकानाचे बस्तान बसते न बसते तोच टिळकांना त्यापासून दूर जावे लागले. २४ जून १९०८ रोजी क्रॉफर्ड मार्केटजवळील सरदारगृह या निवासी हॉटेलात त्यांना अटक झाली. २२ जुलैला उच्च न्यायालयाने सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवसापासून परळ, लालबाग, चिंचपोकळी भागातील गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. देशी कापड विणणारे हे हात होते आणि टिळकांच्या प्रत्येक वर्षाच्या शिक्षेसाठी त्यांनी एका दिवसाचा पगार सोडला. त्यांच्यापैकी कितीजणांना स्वदेशी स्टोअर्समधून खरेदी परवडली असेल, हा वेगळा प्रश्न. स्वदेशीची पेढी प्रामुख्याने मध्यमवर्गाची राहिली, तिच्यासाठीची झीज मात्र कामगारांनीही सोसली.

टिळक मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहीत होते, तेव्हा इकडे मुंबई बदलत होती. प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या योजनांतून दादर-माटुंग्याचे नवे रस्ते आखले जात होते. गिरगावातून मराठी कुटुंबे या बाजूला सरकू लागली होती. दादर स्थानकाजवळ १९१० मध्ये मामा काणे यांचे स्वच्छ उपहारगृह सुरू झाले. इराण्यांच्या हॉटेलांत संगमरवरी टेबलाशी कोणीही बसून चहा मागू शकत होता. मालकाची जात पाटीवर लिहिण्याची पद्धत अजून होती, पण घराबाहेर चहा घेतला म्हणून धर्मपीठाकडे तक्रार करण्याचे दिवस सरत चालले होते. पंचहौदाच्या चहाला तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती.

मंडालेत असतानाच जून १९१२ मध्ये टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई यांचे पुण्यात निधन झाले. जून १९१४ मध्ये ते सुटून आले, तेव्हा घर आणि पक्ष दोन्ही विस्कटलेले होते. उरलेली सहा वर्षे होमरूलचा प्रचार, लखनौ करार आणि चिरोल खटल्यासाठी विलायतेचा प्रवास यांत गेली. मुंबईस आले की मुक्काम सरदारगृहातच असे. तेथेच १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली आणि गिरगाव चौपाटीवर अफाट गर्दीत अंत्यसंस्कार झाले. पहिल्या पुण्यतिथीच्या पूर्वसंध्येला, ३१ जुलै १९२१ रोजी, परळच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात महात्मा गांधींनी परदेशी कपड्यांची होळी पेटवली.

स्वदेशी स्टोअर्स टिळकांच्या मागेही टिकले. फोर्टमध्ये सर फिरोजशहा मेहता मार्गावर मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी तेथून खरेदी केली. स्वातंत्र्यानंतर बाजारातला बहुतेक माल देशीच झाला आणि दुकानाच्या नावातला स्वदेशी शब्द वेगळा सांगण्याची गरज कमी होत गेली. पुढे ते बॉम्बे स्टोअर या नावाने ओळखले जाऊ लागले आणि हस्तकलेच्या वस्तू, भेटवस्तू यांसाठी पर्यटकांच्या यादीत गेले.

जुन्या इमारतीची कमान दुरुस्त करता येते, लाकडी जिन्याला पुन्हा पॉलिश करता येते, चहाच्या टेबलावर जुन्या नक्षीचे पेलेही ठेवता येतात. दुकान चालू राहण्यासाठी लागणारा ग्राहक असा डागडुजीने मिळत नाही. टिळकांनी या ग्राहकाकडे दोन पैसे जास्त मोजण्याची तयारी मागितली होती. स्वतः त्यांनी चहाच्या एका पेल्याची किंमत जातीच्या बहिष्काराने आणि लेखणीची किंमत सहा वर्षांच्या तुरुंगवासाने चुकती केली होती. दादरचे एखादे जुने दुकान बंद झाल्याची बातमी आली की हळहळ व्यक्त होते. त्या दुकानाची पायरी आपण शेवटची कधी चढलो होतो, हेही अशा वेळी रानडे रोडवरून जाणाऱ्या प्रत्येकाने आठवून पाहण्यासारखे आहे.