वसंत देसाई

वसंत देसाई (जन्म : सोनवडे, कुडाळ, ९ जून १९१२; मृत्यू : मुंबई, २२ डिसेंबर १९७५) हे मराठी व हिंदी चित्रपटांचे आणि मराठी संगीत नाटकांचे संगीतकार होते. प्रभात फिल्म कंपनीत उमेदवारी करून ते घडले आणि पुढे व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराचे प्रमुख संगीतकार झाले. हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील श्रेष्ठ कलावंतांना चित्रपटात मानाचे स्थान मिळवून देणे आणि सर्वसामान्यांना एकत्र गाता येतील अशा चाली बांधणे, ही त्यांच्या कार्याची दोन मुख्य अंगे मानली जातात.

बालपण

देसाई यांचा जन्म तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील सोनवडे या गावी झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. भजन, कीर्तन आणि दशावतारी नाटके ही या भागाची जुनी परंपरा होय. तरुण वयात ते कोल्हापूरला आले. त्या काळी कोल्हापूर हे गायन, नाटक आणि मूकपटनिर्मिती या तिन्ही कलांचे केंद्र होते.

प्रभातमधील शिक्षण

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली आणि देसाई लवकरच तेथे दाखल झाले. ‘खुनी खंजीर’ (१९३०) या मूकपटात त्यांनी भूमिका केली. त्यांना नट म्हणून नाव मिळवायचे होते; परंतु बोलपट आल्यावर त्यांचा ओढा संगीत विभागाकडे वळला.

देसाई यांचे संगीतशिक्षण मुख्यतः या विभागातील प्रत्यक्ष कामातून झाले. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटाचे संगीतकार गोविंदराव टेंबे होते. टेंबे यांच्यानंतर केशवराव भोळे आणि पुढे मास्टर कृष्णराव यांनी प्रभातच्या चित्रपटांना संगीत दिले. या तिघांच्याही हाताखाली देसाई यांनी साहाय्यक म्हणून काम केले. टेंबे व मास्टर कृष्णराव हे रंगभूमीवरून आलेले होते. त्यांच्याकडून देसाई यांना रागदारीवर आधारलेल्या पदरचनेचा वारसा मिळाला. प्रसंगाला अनुरूप, आटोपशीर भावगर्भ गीत कसे असावे, हे भोळे यांच्या कामातून त्यांना पाहता आले. १९३३ मध्ये प्रभात पुण्यास गेली, तेव्हा देसाईही पुण्यास गेले. सुमारे बारा वर्षांच्या या काळात त्यांनी लहानमोठ्या भूमिका केल्या, गाणी गायिली, तसेच वादकांच्या तालमी घेतल्या.

राजकमल कलामंदिर

१९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी प्रभात सोडून मुंबईत परळ येथे राजकमल कलामंदिर उभारले. देसाई त्यांच्यासोबत गेले. राजकमलच्या ‘शकुंतला’ (१९४३) या पहिल्याच चित्रपटाने त्यांना स्वतंत्र संगीतकार म्हणून ख्याती मिळवून दिली. त्यानंतर ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) व ‘दहेज’ (१९५०) हे चित्रपट आले.

‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘अमर भूपाळी’ (१९५१) हे दोन मराठी चित्रपट पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहिरांच्या जीवनावर आधारलेले होते. पहिल्यात लावणी, पोवाडा आणि सवाल-जबाब यांचा बाज देसाई यांनी कायम राखला. दुसऱ्यात होनाजीच्या ‘घनश्याम सुंदरा’ या भूपाळीला त्यांनी दिलेली चाल लता मंगेशकर व पंडितराव नगरकर यांनी गायिली. ती आजही महाराष्ट्रात पहाटेच्या वेळी ऐकू येते. ‘अमर भूपाळी’ १९५२ च्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात होता.

‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) या नृत्यप्रधान चित्रपटाचे शीर्षकगीत त्यांनी अडाणा रागात बांधून उस्ताद अमीर खाँ यांच्याकडून गाऊन घेतले. याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतातून शिवकुमार शर्मा यांचे संतूर चित्रपटात प्रथम वाजले.

मुक्त कारागृहाच्या कल्पनेवरील ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मध्ये भरत व्यास यांनी लिहिलेली आणि लता मंगेशकर यांनी गायिलेली ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ ही प्रार्थना आहे. कैद्यांच्या कथेसाठी रचलेली ही चाल पुढे देशभरातील असंख्य शाळांच्या परिपाठात गेली. ‘नवरंग’ (१९५९) या शांतारामांच्या चित्रपटाचे संगीत सी. रामचंद्र यांनी दिले. ‘लडकी सह्याद्री की’ (१९६६) साठी मात्र देसाई पुन्हा शांतारामांबरोबर होते. या चित्रपटात त्यांनी पंडित जसराज यांच्याकडून भजन गाऊन घेतले. जसराजांचे हे पहिले चित्रपटगीत होय.

इतर चित्रपट

देसाई यांनी राजकमलबाहेरही विपुल काम केले. मास्टर विनायक यांच्या ‘सुभद्रा’ (१९४६) मध्ये त्यांनी नवोदित लता मंगेशकर यांना गाण्याची संधी दिली. सोहराब मोदी यांच्या ‘झाँसी की रानी’ (१९५३) चे संगीत त्यांचे होते. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ (१९५३) लाही त्यांनी संगीत दिले. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा हा पहिला चित्रपट होता.

विजय भट्ट यांच्या ‘गूँज उठी शहनाई’ (१९५९) साठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी सनईवादन केले. शास्त्रीय वादनावर उभा राहिलेला हा चित्रपट सर्वसामान्य प्रेक्षकांनीही उचलून धरला. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आशीर्वाद’ (१९६८) मध्ये बालकांसाठीचे रेलगाडीचे गीत देसाई यांनी अशोककुमार यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केले. मुखर्जी यांच्या ‘गुड्डी’ (१९७१) मधून त्यांनी वाणी जयराम यांना हिंदी चित्रपटात आणले. मियाँ मल्हार रागातील ‘बोले रे पपीहरा’ या गीताने त्या प्रसिद्धीस आल्या. याच चित्रपटातील ‘हमको मन की शक्ति देना’ हे गीतही शाळांची प्रार्थना झाले.

रंगभूमी व समूहगान

विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) या नाटकाचे संगीत देसाई यांचे होते. बाळ कोल्हटकर यांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकातील ‘ऋणानुबंधाच्या’ या पदाची त्यांची चाल कुमार गंधर्व व वाणी जयराम यांनी गायिली.

‘मैत्रीं भजत’ या संस्कृत विश्वशांतिगीताची रचना कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांची असून त्याला देसाई यांनी चाल दिली. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांत ते गायिले. आपल्या कार्यक्रमांच्या शेवटी त्या हे गीत गात असत.

संगीताची वैशिष्ट्ये

रागाची ओळख न पुसता चाल सोपी ठेवणे, हे देसाई यांच्या रचनेचे प्रमुख वैशिष्ट्य होय. सनई, सतार, संतूर व तबला या वाद्यांना त्यांच्या चित्रपटांत केवळ साथीपुरते नव्हे, तर कथानकातही स्थान मिळाले. प्रार्थनागीतांत त्यांनी अवघड ताना व फार उंच स्वर टाळले. त्यामुळे गाण्याचे शिक्षण नसलेल्या मुलांनाही ती एकत्र म्हणता येतात. ही गीते परंपरागत प्रार्थनांप्रमाणे रुळली. ती रोज म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना संगीतकाराचे नाव मात्र ठाऊक नसते.

मृत्यू

२२ डिसेंबर १९७५ रोजी दिवसभराचे ध्वनिमुद्रण संपवून देसाई मुंबईतील आपल्या घरी परतले. तेथे इमारतीच्या उद्वाहकात झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ६३ वर्षांचे होते. त्यांचे संगीत असलेला ‘शक’ हा हिंदी चित्रपट त्यांच्या पश्चात १९७६ मध्ये प्रदर्शित झाला.