गाडगेबाबांचा वारसा फक्त झाडू नव्हे

२३ फेब्रुवारी आणि २० डिसेंबर हे दोन दिवस आले की गाडगेबाबांच्या प्रतिमेला हार पडतात, पुढारी हातात झाडू घेतात, फोटो निघतात. बाबांना झाडूपुरते ठेवणे व्यवस्थेला सोयीचे आहे. पण झाडू खाली ठेवल्यावर हा माणूस काय करत होता, हे बहुजन समाजाला सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात, परीट कुटुंबात झाला. दारूने वडिलांचा आधी संसार खाल्ला, मग जीव घेतला. आई सखूबाईने लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातले माहेर गाठले. पाटी हाती यायच्या वयात डेबूच्या हाती गुरांचा दोर आला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. मामाच्या शेतात तो राबला. पण सावकाराच्या कागदाने ती जमीन गिळली. अक्षर कळत नसेल तर घामाचे पीकही दुसऱ्याच्या घरात जाते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. दारू आणि अज्ञान, दोन्ही शत्रू त्याने घरातच पाहिले होते. म्हणून मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रूढ पंगत मोडून त्याने गोड जेवण घातले.

१९०५ साली डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात गाडगे आणि खराटा. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनातून नवस, बळी, कर्ज आणि व्यसन यांवर कोरडे ओढायचे. पाया पडू द्यायचे नाहीत, शिष्य करायचे नाहीत. लोकांनी दिलेल्या पैशातून ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट झाला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबा स्वतः मात्र त्यांत मालक म्हणून कधी राहिले नाहीत.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर आमच्या इतिहासाचेच पान आहे. विठ्ठलाच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना १९४७ पर्यंत बंद होते आणि सवर्णांच्या धर्मशाळांतही त्यांना थारा नव्हता. त्यांच्यासाठी बाबांनी हक्काचे छप्पर उभारले. पुढे ती वास्तू त्यांनी बाबासाहेबांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्याला स्वतःला शिकता आले नाही, त्याने आपली कमाई शिकवणाऱ्याच्या हाती दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले आणि अवघ्या १४ दिवसांनी बाबांनीही जगाचा निरोप घेतला.

आता आमच्या पट्ट्याकडे वळू. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकीत निर्वासितांनी उल्हासनगर उभे केले. कारखान्यांच्या आशेने विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आलेला आमचा समाज अंबरनाथ, बदलापूरपर्यंत वसला. या वस्त्यांतही दारूने बाप गेलेली डेबू आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्हीच्या आवाजात त्यांनी अभ्यास कुठे करावा? उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात मुरबाड-कर्जतकडचे गोरगरीब येतात. रुग्णासोबत आलेल्या बाईने रात्री पाठ कुठे टेकावी? गाडगेबाबांना पडले असते ते हे प्रश्न.

जयंतीची वर्गणी आम्ही देतो आणि दिलीच पाहिजे. पण त्या वर्गणीचा मोठा वाटा डीजेच्या भिंतीत जिरत असेल, तर मंडळांना हिशेब विचारण्याचा अधिकार समाजाला आहे. त्याच पैशातून विहारात अभ्यासिका चालते, दोन मुलांची फी भरली जाते, रुग्णाच्या नातेवाइकाला भाकरी मिळते. त्यासाठी सरकारी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. बाबांकडे भांडवल म्हणून एक फुटके गाडगे होते. येत्या जयंतीला प्रत्येक मंडळाने आपला जमाखर्च फलकावर लावावा आणि त्यात शिक्षणाचा रकाना सर्वांत वर असावा. बाबांना खरे अभिवादन तेच ठरेल.