लस, सक्ती आणि विश्वास : हाफकिन यांचे जीवन

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव ऐकले नाही असा मराठी माणूस विरळाच. पोलिओचे थेंब आणि सर्पदंशावरील लस यांच्या निमित्ताने ते नाव खेड्यापाड्यांतील दवाखान्यांपर्यंत पोहोचले आहे. परंतु हाफकिन हे एका माणसाचे आडनाव आहे, तो माणूस रशियाच्या साम्राज्यात जन्मला आणि आयुष्याची उमेदीची वर्षे त्याने आपल्या देशात घालविली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

करोनाच्या साथीत लस घ्यावी की घेऊ नये आणि सरकारने लोकांवर किती निर्बंध लादावेत, यावरून घराघरांत आणि गावोगावच्या पारांवर वाद झडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, लसीची एकही मात्रा न घेतलेल्यांना पेट्रोल व रेशन देऊ नये असा हुकूम निघाला होता. हा वाद नवा वाटला तरी नवा नव्हता. सव्वाशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात तो याहून कितीतरी कडवटपणे लढला गेला, आणि त्याच्या ऐन मध्यभागी वाल्डेमार हाफकिन उभे होते. म्हणून त्यांचे चरित्र आज पुन्हा वाचण्यासारखे आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. तेथील विद्यापीठात त्यांना मेचनिकॉव्ह यांच्यासारखा थोर प्राणिशास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभला. झारच्या राजवटीत ज्यूंवर वारंवार हल्ले होत. १८८१ च्या दंगलीत आपल्या वस्तीचे रक्षण करताना हा तरुण विद्यार्थी जखमी झाला आणि वर पकडलाही गेला. गुरूने रदबदली केली म्हणून तो सुटला. पुढे नोकरीतील बढतीसाठी धर्म बदलण्याचा मार्ग मोकळा होता. तो त्यांनी पत्करला नाही. १८८८ मध्ये त्यांनी मायभूमी सोडली व जिनिव्हामार्गे ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तेथे त्यांना जागा मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची! दिवसा पुस्तके सांभाळावीत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसावे, असा क्रम सुरू झाला. त्यातूनच पटकीवरील लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. दुसऱ्याला जे द्यायचे ते आधी आपण घ्यायचे, हा नियम त्यांनी पुढेही पाळला.

पटकीचे माहेरघर बंगाल. म्हणून १८९३ मध्ये ते कलकत्त्यास आले. लोक साशंक होते. गोरा माणूस सुई घेऊन येतो म्हणजे काहीतरी काळेबेरे असणार, अशी भावना होती. हाफकिन यांनी भारतीय डॉक्टरांना बरोबर घेतले आणि लोकांसमक्ष स्वतःला टोचून दाखविले. मार्च १८९४ मध्ये काटाल बागान या वस्तीतील सुमारे २०० लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. नंतर तेथे पटकीचे १० रुग्ण निघाले व ७ दगावले. ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. असे आकडे मांडून लोकांना पटविणे ही त्यांची पद्धत होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलाविले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा जागेत, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या सरंजामावर त्यांनी काम मांडले. मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली ते प्लेगचे जंतू वाढवीत, मग उष्णतेने ते मारून त्या मेलेल्या जंतूंची लस करीत. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी स्वतःस टोचून घेतली. ताप चढला, अंग ठणकले, पण काम थांबले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैदी लस घेण्यास पुढे आले आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण न टोचलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी राहिले. कैद्याची संमती खरोखर मोकळी असते काय, हा प्रश्न मात्र आजच्या वाचकाने विचारलाच पाहिजे.

इकडे हाफकिन लोकांची मने वळवीत होते, तर तिकडे सरकार दुसऱ्याच वाटेने निघाले होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. घरात शिरून तपासणी करणे, आजाऱ्याला उचलून नेणे, प्रवाशांना अडविणे, सामान जाळणे, असे सर्व अधिकार त्याने अधिकाऱ्यांच्या हाती दिले. पुण्यात रँडसाहेबाने झडतीसाठी गोरे सोजीर घरांत घातले. देवघर, माजघर, बायकांचा आडोसा, कशाचीच भीड राहिली नाही. रोगापेक्षा इलाज भयंकर, असे लोकांना वाटू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. पाठोपाठ लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. मुंबईत त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. मार्च १८९८ मध्ये तेथे पुन्हा मोठा दंगा उसळला.

या सर्व सक्तीला शास्त्राचा आधार तरी किती होता? प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे पॉल सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये दाखविले, आणि सर्वमान्य होण्यास त्याला आणखी काही वर्षे लागली. म्हणजे घरे कार्बोलिकने धुतली जात होती, माणसे छावण्यांत कोंडली जात होती, आणि उंदीर बिनदिक्कत शेजारच्या घरी जात होते.

तथापि लोकांची बाजू म्हणजे केवळ अज्ञान, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टिळकांनी सोजिरांच्या वर्तनावर कडाडून टीका केली, पण ते साथीत पुणे सोडून गेले नाहीत. रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सोजिरांवर केलेले आरोप सिद्ध करता न आल्याने माफी मागितली, आणि नंतर तेच प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून राबले. सावित्रीबाई फुले तर प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच त्या रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. विरोध होता तो अपमानाला.

लोकांचा सरकारवरील संशय आपोआप लशीवरही येऊन बसला. लशीत निषिद्ध मांस आहे, तिने माणूस मरतो, अशा वावड्या उठल्या. त्यांना उत्तर म्हणून हाफकिन यांनी हुकूम मागितला नाही. त्यांनी रश्शासाठी बोकडाचे मांस वापरले आणि समाजातील वजनदार माणसांना साद घातली. आगाखान यांनी स्वतः लोकांदेखत लस टोचून घेतली. मग खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही त्यांनी दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १८९८ नंतर सरकारनेही हात सैल सोडला, झडत्या कमी केल्या आणि लस ऐच्छिक ठेवली. मात्र लस घेतलेल्याला काही निर्बंधांतून सूट मिळे. सूट आणि सक्ती यांच्यातील सीमारेषा किती पातळ असते, हे करोनाच्या काळातील प्रमाणपत्रे पाहिलेल्या आपल्याला सांगावयास नको.

हाफकिन यांना दुसरीही आघाडी सांभाळावी लागे. ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते, इंग्रज नव्हते, आणि ज्यू होते. सरकारी वैद्यक खात्यातील पुष्कळांना हे खुपत असे. तशात घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. एकोणीस कुटुंबे रोगापासून वाचण्यासाठी आलेली माणसे गमावून बसली. या दुःखाला कोणतीही सबब पुरी पडणार नाही. लसीकरणाची पंजाबातील मोठी मोहीम कोलमडली. चौकशी समितीने दोषाचा रोख परळच्या प्रयोगशाळेकडे वळविला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. वस्तुतः ती बाटली उघडताना गावातील साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीवर न धरता नुसता सौम्य कार्बोलिकमध्ये बुडवून पुन्हा वापरला गेला होता. बाटली उघडल्यावर तिला दुर्गंधी नव्हती. जंतू आधीपासून आत वाढत असते तर ती आली असती.

हे पुरावे सरकारच्या दप्तरात होते. पण कागदपत्रे प्रसिद्ध व्हावयास १९०६ चा शेवट उजाडला. मधली वर्षे हाफकिन यांनी लंडनमध्ये डागाळलेल्या नावासह काढली. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखविणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये आले आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले. पण परळ त्यांना परत मिळाले नाही. कलकत्त्यात त्यांना जागा दिली, तीही लोकांवर नव्या लशींचे प्रयोग करण्याची मुभा न देता. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपात परतले. ते अविवाहित होते. उत्तरायुष्यात त्यांनी ज्यू धर्मशिक्षणास वाहून घेतले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या.

त्यांची लस निर्दोष नव्हती. तिने ताप येई, संरक्षण पूर्ण नसे आणि कायमचेही नसे. बडोद्याजवळच्या उंधेरा गावी त्यांनी १८९८ मध्ये निम्म्या लोकांना लस देऊन निम्म्यांना तुलनेसाठी तसेच ठेवले. शास्त्राच्या दृष्टीने तो प्रयोग मोलाचा; पण न टोचलेल्यांत ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांना तो कसा वाटला असेल?

परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि रँडचा हुकूम येथे चालत नव्हता. प्लेगला मात्र सरहद्द नव्हती. तो निजामाच्या राज्यातही शिरला. सप्टेंबर १९९४ मध्ये तर आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावामुळे प्लेगचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत झळकले. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा आपल्या राज्य शासनाने जो कायदा लागू केला, तो तोच १८९७ चा. आणि २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही; मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकते.

न्यायालयाने आखलेल्या त्या चौकटीत काम करणे सोपे नाही. सक्ती नको म्हटले की समजूत घालण्याचे कष्ट आले. आकडे उघडे ठेवणे आले. आणि चूक झाली तर तिचे कागद चार वर्षे दडवून न ठेवणे आले. हाफकिन यांच्या आयुष्यात पहिल्या दोन गोष्टींनी लस लाखोंपर्यंत पोहोचविली, आणि तिसरी न घडल्याने एका निरपराध माणसाची उमेदीची वर्षे वाया गेली. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आली म्हणजे आपल्या गावात लशीविषयी बोलावयास आपल्यातलेच कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी ग्रामसेवक म्हणून उभे असतील. त्यांनी आधी आपला दंड पुढे करावा आणि मग विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला, तो कितीही अडाणी वाटला तरी, न चिडता उत्तर द्यावे.