गणपतीची गोष्ट परिशिष्टात

आमगावच्या वॉर्डात औषधाच्या मात्रांचा नवा तक्ता आला की जुना मी भिंतीवरून काढतो, पण फाडत नाही. कालच्या रुग्णाला मात्रा त्यावरूनच दिलेली असते. विष्णु सीताराम सुकथनकर असेच वागले. केंब्रिजला गणित शिकलेल्या या माणसाने १९२५ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रे घेतली. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या, आणि जागोजागी लेखनिकांनी घातलेली भर! त्यांनी विश्वसनीय पाठ वर छापला, पाठभेद खाली, पोथीच्या खुणेसह. गणपती लेखनिक झाल्याची लाडकी कथासुद्धा परिशिष्टात गेली. आदिपर्व १९३३ मध्ये पुरे झाले. १९४३ मध्ये सुकथनकर वारले. उरलेले काम इतरांनी त्याच पद्धतीने १९६६ मध्ये संपवले.